बारावीचे मार्क: कुठे उंबरठा, कुठे रांग

मे महिन्यात निकाल लागला की आमच्या घरी पेढ्यांचे पुडे आणि प्रश्न एकत्रच येतात. मी सोलापुरात अकरावी-बारावीला गणित शिकवते. गेल्या वर्षी बाळीवेशीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, पोराला ९२ टक्के पडलेत. आता पुण्याला सीओईपीत इंजिनिअरिंगला घालायचं म्हणतो. फॉर्म कधी निघतो?" मी विचारलं, सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, पर्सेंटाईल किती? मुलगा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "७१." ९२ टक्क्यांचा पेढा तोंडात असताना त्या घरात हे सांगणं किती जड गेलं, ते मलाच माहीत.

त्याच आठवड्यात उलटं प्रकरण आलं. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेत छान रँक, एनआयटी (केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज) नक्की मिळावी अशी, आणि बारावीला ७२ टक्के. तिथेही दार बंद. एकाला वाटलं बोर्डाचे मार्क म्हणजे सगळं, दुसऱ्याला वाटलं बोर्डाला कोण विचारतं. दोघांचीही चूक एकच होती. आपण ज्या कोर्सला जाणार तिथे शाळेच्या मार्कांचं काम काय, हे दोघांनी दोन वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

हा लेख घरातून पहिल्यांदाच कुणीतरी या वाटेला लागलंय अशांसाठी आहे. क्रमाने जाऊ. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून खात्री करायचीच.

पहिली पायरी: उंबरठा की रांग, ते ओळखा

मार्क दोन प्रकारे वापरले जातात. काही ठिकाणी ते उंबरठा असतात: ठरलेली टक्केवारी ओलांडली की आत, मग ७६ असोत की ९६, फरक शून्य. काही ठिकाणी तेच मार्क रांग लावतात, म्हणजे जितके जास्त तितके पुढे. तिसरा एक छोटा उपयोग आहे, बरोबरी सोडवण्याचा. प्रवेश परीक्षेत दोघांचा आकडा सारखा आला, की पुढे कोण हे ठरवायला काही प्रवेशांत शेवटी बारावीचे, आणि त्याहीपुढे दहावीचे गुण बघतात.

तुमच्या यादीत जे कोर्स असतील त्या प्रत्येकापुढे वहीत लिहा: उंबरठा किंवा रांग. बाकीचं सगळं नियोजन याच एका शब्दावरून ठरतं.

इथे एक सावधगिरी. घरातल्या काका-मामांचा आणि मोठ्या भावंडांचा सल्ला आपल्या काळापुरता खरा असतो. २०१४ आणि २०१५ साली महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीचे निम्मे आणि जेईई मेनचे निम्मे असं वजन होतं. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. जेईई मेनच्या रँकमध्ये बोर्डाचे ४० टक्के धरायचे, तेही २०१७ पासून बंद झालं. कोरोनाच्या काळात एनआयटीसाठीची ७५ टक्क्यांची अट माफ होती, २०२३ पासून ती परत लागली. म्हणून २०२१ ला एनआयटीत गेलेला चुलतभाऊ "७५ ची अट वगैरे काही नसते बे" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याच्या वर्षी ती खरंच नव्हती.

दुसरी पायरी: दहावीचे मार्क, जे थेट रांग लावतात

दहावीत सहा विषय, पण टक्केवारी काढताना उत्तम पाच विषयांचे ५०० पैकी गुण धरतात. खेळाचे आणि कलेचे वाढीव गुण मिळत असतील तर शाळेकडून प्रस्ताव वेळेत गेलाय का, हे पालकांनी स्वतः विचारावं. निकाल लागल्यावर ते आठवून उपयोग नसतो.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी मुंबई, पुणे अशा मोजक्या शहरांपुरतीच ही पद्धत होती, आणि सोलापुरात आपण गुणपत्रिका घेऊन या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरत होतो. आता संगमेश्वर, दयानंद, वालचंद यांपैकी कुठे जायचं, ते पसंतीक्रमात भरावं लागतं. दहा पसंत्या देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव राहत नाही. "बघू, मैत्रीण जिथे जाईल तिथे" असा विचार असेल तर तो पसंती भरण्याआधी संपवा. इनहाऊस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्याच्या जागा वेगळ्या असतात. संस्थेच्याच शाळेत दहावी केली असेल तर इनहाऊसची चौकशी जरूर करा.

दहावीनंतरच डिप्लोमाला जाणाऱ्यांसाठी तर हीच रांग शेवटची. शासकीय तंत्रनिकेतनाची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, मध्ये कुठलीही सीईटी नाही. आणि डिप्लोमा पुरा झाला की त्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिथेही सीईटी नाही. ज्या मुलाचा हात मशीनवर चालतो पण तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवताना तोंडाला फेस येतो, त्याच्यासाठी ही वाट फार चांगली आहे. आपल्याकडे तिला उगाच कमी लेखतात. "डिप्लोमा केला का?" हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, तो सूर मला कधीच कळला नाही.

तिसरी पायरी: बारावी कुठून करणार, हे आत्ताच ठरवा

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातली अर्धी हुशार मुलं लातूरकडे बघतात, काही पुण्याकडे, काही हैदराबादकडे. आपला जिल्हा सीमेवरचा. अक्कलकोटकडच्या लोकांना कलबुर्गी जवळचं, मंगळवेढ्याकडच्यांना विजापूर. पूर्व भागातल्या तेलुगू घरांची नाती हैदराबादेत. त्यामुळे "आत्याकडे राहील, तिथेच बारावी करील" हे फार सहज ठरतं. त्याआधी दोन गोष्टी ऐका.

एक, मेडिकल. राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय अधिवास दाखला. बारावी कर्नाटक किंवा तेलंगणातून केली तर नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत कितीही गुण पडोत, आपल्याच गावच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राज्य कोट्यातून जागा मागता येत नाही. मग उरतो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी गावांसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी. सोलापुरातून तिकडे शिकायला गेलेल्यांना ती लागू होत नाही.

दोन, इंजिनिअरिंग. इथे होम युनिव्हर्सिटी नावाचा प्रकार आहे. दहावी-बारावी राज्यातच केलेल्या विद्यार्थ्याची होम युनिव्हर्सिटी तो राहतो कुठे यावर ठरत नाही, बारावी कुठल्या कॉलेजातून झाली यावर ठरते. सोलापूर जिल्ह्यातून बारावी केली तर होम म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. लातूरला केली तर नांदेडचं विद्यापीठ, पुण्यात केली तर पुण्याचं. ज्या कॉलेजांत होम आणि इतर असे वाटे असतात, तिथे मोठा वाटा होमवाल्यांना जातो. म्हणजे लातूरला बारावी करून परत इथेच राहायचं ठरलं, तर स्वतःच्या गावात तुम्ही बाहेरचे! सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांसारख्या ठिकाणी राज्य पातळीवरच्या जागा असल्याने हा प्रश्न येत नाही.

लातूरला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. तिथली शिस्त खरी आहे, मुलं घडतात. जायचं तर हा हिशेब माहीत असताना जा.

चौथी पायरी: कोर्सप्रमाणे काय लागतं

राज्यातलं इंजिनिअरिंग. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात मिळून ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. हा उंबरठा. त्यानंतर रांग पूर्णपणे एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाईलवर. पेपर २०० गुणांचा: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक गुणाचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण २० टक्के भाग अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. गणिताला निम्मं वजन आहे, हे मी गणिताची म्हणून सांगत नाहीये, पेपरच तसा आहे.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे दरवर्षी किमान वीस घरांत सांगावं लागतं. ९५ पर्सेंटाईल म्हणजे बसलेल्या शंभरातले ९५ तुमच्या बरोबरीने किंवा मागे. परीक्षेला चार लाख मुलं बसली असं धरलं तर तुमच्या पुढे २० हजार उभे आहेत. ९९ म्हणजे पुढे चार हजार, ९९.९ म्हणजे चारशे. शेवटच्या त्या दशांशात किती गर्दी असते ते यावरून कळावं. ९५ वर पेढे वाटायला हरकत नाही, पण सीओईपीच्या कॉम्प्युटरची स्वप्नं बघताना हा हिशेब समोर असावा.

एनआयटी, ट्रिपलआयटी, आयआयटी. रांग जेईईची. उंबरठा मात्र उंच: बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा आपापल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असणं. आणि हे ७५ गुणपत्रिकेवर छापलेले टक्के नव्हेत. पाच विषय धरतात: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांपैकी सर्वांत जास्त गुणांचा एक. वर सांगितलेल्या मुलाचा हिशेब असा होता: फिजिक्स ७१, केमिस्ट्री ७४, गणित ६८, इंग्रजी ६६ आणि पाचवा आयटी ८२. बेरीज ३६१, टक्के ७२.२. आयटीत ९६ पडले असते तर बेरीज ३७५ आणि बरोबर ७५. ज्या विषयाला तो "फालतू" म्हणायचा त्यातले चौदा मार्क. त्या वर्षी वरच्या २० पर्सेंटाईलमध्येही तो बसला नाही.

मेडिकल. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. हा उंबरठा ओलांडला की बारावीची गुणपत्रिका मिटवून ठेवा, पुढे नीटच्या ७२० गुणांचंच राज्य. जुन्या काळी बारावीच्या मार्कांवर डॉक्टर झालेली मंडळी अजून आपल्या आजूबाजूला आहेत, त्यांच्या गोष्टी ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात.

आयसर आणि मूलभूत विज्ञान. पुण्याचं आयसर, म्हणजे केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, आपल्याला रेल्वेने चार-पाच तासांवर, पण सोलापुरातून तिकडे अर्ज करणारी मुलं मला फार कमी भेटतात. बारावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) आणि त्यांची स्वतःची अभिक्षमता परीक्षा. विज्ञानाची खरी आवड असलेल्या, पण इंजिनिअर व्हायचं नसलेल्या मुलाला हे नाव कुणीतरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहिते.

बिट्स पिलानी. खासगी, खर्चीक. तीन विषयांत मिळून ७५ आणि प्रत्येकात किमान ६०. रांग बिटसॅटवर.

आर्किटेक्चर. इथे बारावीचे मार्क पुन्हा रांगेत येतात. गुणवत्ता यादीत निम्मं वजन बारावीला, निम्मं अभिक्षमता परीक्षेला. चित्रकला चांगली म्हणून बोर्ड सोडून दिलेली मुलं इथे मागे पडतात.

डी.फार्मसी. बारावीच्या विज्ञान विषयांच्या गुणांवर. सरळ रांग.

कृषी. पंढरपूर, सांगोला, माढ्याकडच्या मुलांचा हा आवडता विषय. इथे शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्याच्या आधारे जादा भारांक मिळतो. त्यासाठी उतारा कुणाच्या नावावर आहे आणि मुलाशी त्याचं नातं काय, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. आजोबांच्या नावावरची जमीन वारसनोंदीविना तशीच पडली असेल तर तलाठ्याकडे आत्ता जा, जूनमध्ये नको.

कायदा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, बारावीला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. उंबरठा ठेंगणा, रांग लांब.

बीए, बीकॉम, बीएस्सी. ज्यांना "बारावीचे मार्क कुठेच मोजत नाहीत" असं वाटतं त्यांनी इथे थांबावं. पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजांत या कोर्सना मुख्यतः बारावीच्या गुणांवरच यादी लागते, काही ठिकाणी त्यांची स्वतःची परीक्षाही असते. बीबीए, बीसीए, बीएमएस मात्र २०२४ पासून राज्याच्या सीईटीखाली आले. कॉमर्सच्या कित्येक मुलांना हे जूनमध्ये कळतं, तोवर परीक्षा होऊन गेलेली असते.

दिल्ली विद्यापीठ आणि इतर केंद्रीय विद्यापीठं. २०२२ पासून सीयूईटी ही देशपातळीवरची सामायिक परीक्षा. त्याआधी दिल्लीत काही कॉलेजांचा कटऑफ १०० टक्क्यांपर्यंत जायचा, महाराष्ट्र बोर्डाच्या मुलाला ते स्वप्नातही परवडणारं नव्हतं. आता रांग परीक्षेवर, आणि बरोबरी झाली तर दिल्लीत बारावीच्या उत्तम तीन विषयांचे गुण बघतात. काही विद्यापीठांसाठी सीयूईटीत बारावीला घेतलेलेच विषय निवडावे लागतात, म्हणून अकरावीत विषय निवडतानाच कोर्सची अट वाचा.

पाचवी पायरी: बोर्डाचे मार्क स्वस्तात कसे मिळवायचे

उंबरठ्यासाठी ७५ हवेत, आणि वेळ तर सगळा प्रवेश परीक्षेला हवा. मग बोर्डाला किती दिवस द्यायचे? माझं उत्तर: जिथे कमी वेळात जास्त मार्क मिळतात तिथे.

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. गणितात लेखी ८० आणि २० अंतर्गत. इंग्रजीतही ८० आणि २० तोंडी वगैरे. म्हणजे सहा विषयांत मिळून शंभराच्या वर गुण लेखी पेपराबाहेर आहेत. प्रात्यक्षिक वही पूर्ण, सह्या वेळेवर, तोंडी परीक्षेला तोंड उघडणं, एवढ्यावर यातले बहुतेक मिळतात.

आणि इथेच आपली मुलं घसरतात. इंटिग्रेटेड म्हणून ओळखली जाणारी सोय तुम्हाला माहीत असेल: नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. हजेरी कशीबशी, प्रयोगशाळेचं तोंड डिसेंबरात पहिल्यांदा. माझ्या पुतण्याचं असंच झालं. ज्या कॉलेजात नाव होतं तिथे "प्रॅक्टिकलचं आम्ही बघतो" असं सांगितलं होतं. बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी व्हर्नियरचं वाचन घ्यायला सांगितलं, आणि या बाबाने व्हर्निअर उलटा धरला. ३० पैकी १९. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपते आणि प्रात्यक्षिकं सुरू होतात, एवढं सोपं कॅलेंडर आहे. यात्रेत पाळण्यात बसायच्या आधी वही पूर्ण असावी, नंतर वेळ नसतो.

इंग्रजी आणि दुसरा विषय (मराठी, हिंदी, आयटी, जो असेल तो) यांना आठवड्यातले तीन तास पुरतात, पण ते जूनपासून. फेब्रुवारीत एकदम वीस तास बसून तो परिणाम येत नाही. कृतिपत्रिकेचा नमुना पक्का असतो, बोर्डाच्या जुन्या दहा पत्रिका सोडवलेल्या मुलाला इंग्रजीत ८० च्या खाली मी क्वचितच पाहिलंय.

अकरावीच्या मार्कांविषयी सगळे विचारतात. प्रवेशात ते धरत नाहीत. अपवाद २०२१ चा: परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत कामाचे ४० टक्के धरून लावला, आणि अकरावी झोपून काढलेल्यांची धांदल उडाली. पण मार्क मोजत नाहीत म्हणून अकरावी सोडली तर बारावीचं कॅलक्युलस तुम्हाला सोडणार नाही.

सहावी पायरी: निकालानंतरचे काही दिवस

निकाल लागला आणि उंबरठ्याला दोन-चार गुण कमी पडले, तर रडण्यात पहिले दोन दिवस घालवू नका, मुदत थोडी असते. बोर्डाकडे गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. त्यात फक्त बेरीज आणि सगळी उत्तरं तपासलीत का एवढं बघतात. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते, त्याशिवाय अर्ज चालत नाही. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाखाली येतो, अर्ज ऑनलाइन. छायाप्रत आली की विषयशिक्षकाला दाखवा. त्यांना खरोखर दोन-तीन उत्तरांत गुण कमी दिसले तरच पुढे जा. उगाच आशेवर पैसे घालवू नका.

दुसरा मार्ग श्रेणीसुधार योजनेचा. पास झालेल्यालाही पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवता येतात, लगतच्या तीन परीक्षांची संधी असते. जो निकाल चांगला तो वापरता येतो. पण ज्या वर्षी प्रवेश घ्यायचाय त्या वर्षीच्या अर्जाच्या तारखेआधी सुधारित गुणपत्रिका हातात येते का, ते तारखा जुळवून बघा.

सातवी पायरी: कटऑफची यादी वाचणं

इंजिनिअरिंगच्या कटऑफच्या पीडीएफ बघून पालक घाबरतात. प्रवर्गाच्या नावात मागे-पुढे अक्षरं असतात. सुरुवातीला जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे इतर, एस म्हणजे राज्य पातळी. सोलापुरातून बारावी केलेली मुलगी सोलापूरच्या कॉलेजसाठी एलने सुरू आणि एचने संपणारा रकाना बघेल, पुण्याच्या कॉलेजसाठी ओचा. चुकीचा रकाना बघून "मला तर मिळतंय" म्हणणारे दरवर्षी असतात. मागच्या तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहा, एका वर्षावर जाऊ नका.

पसंतीक्रम भरताना मनात जे पहिलं ते पहिलं. कटऑफ उंच म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकायचं कारण नाही. वरच्या पसंत्या न मिळाल्याने खालची जागा जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर ती घ्यावी लागते (पुढच्या फेऱ्यांत हेच वरच्या आणखी काही पसंत्यांनाही लागू होतं), म्हणून पहिल्या ओळीत फक्त तेच लिहा जिथे खरंच जायचंय. ही ओळ लिहिताना घरच्यांनी दिवाणखान्यात मतदान घेऊ नये, एवढीच माझी विनंती.

आठवी पायरी: दाखले

मार्क असूनही जागा जाते ती कागदांमुळे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. राज्याच्या प्रवेशांना नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंतची लागते. केंद्राच्या संस्थांना (एनआयटी, आयआयटी) ओबीसीचा वेगळ्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. राज्यात एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) किंवा व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असलेल्यांना केंद्रात त्या नावाचा प्रवर्गच नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहून तो दाखला काढावा लागतो. आपल्या विणकर घरांतल्या कित्येक मुलांना हे ठाऊक नसतं आणि ती खुल्या प्रवर्गातून अर्ज भरून मोकळी होतात.

नावाचं स्पेलिंग हा सोलापूरचा खास रोग. तेलुगू आणि कन्नड आडनावं आधारवर एका तऱ्हेने, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या, वडिलांच्या दाखल्यावर तिसऱ्या. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या.

मुलींसाठी एक: कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक कोर्सला गेलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, २०२४ पासून. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हे नाही.

मार्क नंतरही परत येतात

बीएस्सीला मूलभूत विज्ञान घेणाऱ्या आणि बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात असणाऱ्यांना केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. वरच्या २० पर्सेंटाईलमधल्या आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्यांना केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती मिळू शकते. पुढे इंजिनिअरिंग संपताना कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या "दहावी, बारावी, पदवी तिन्हीत ६०" विचारतात. आणि एमबीए करायचं झालं तर काही आयआयएम मुलाखतीला बोलावतानाच दहावी-बारावीचे गुण मोजतात.

परदेशी पदवीला जायचा विचार करणारी मुलं सोलापुरात मूठभर, पण आहेत. अमेरिकेतली कॉलेजं नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात, म्हणजे इथे कुणीच न विचारणारी नववी तिथे मोजली जाते. कुठल्या इयत्तेत गुण चढले, कुठे घसरले, शाळेत अवघड विषय होते ते घेतले का, हे ते वाचतात. सोबत निबंध आणि शिक्षकांची पत्रं. एमआयटी, हार्वर्ड, येल यांसारख्या थोड्या संस्था परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश ठरवताना त्याची पैशाची गरज बघत नाहीत. आपल्याकडच्या शाळांना चार वर्षांचा उतारा द्यायची सवय नसते. कारकुनाला नमुना छापून नेऊन द्या, मुख्याध्यापकांच्या सहीसाठी दोन फेऱ्या धरा, आणि हे काम डिसेंबरच्या आधी उरका. जानेवारीत आमचं कार्यालय हॉलतिकिटांच्या गठ्ठ्यांत बुडालेलं असतं, आणि नववीचं रजिस्टर हमखास कपाटाच्या वरच्या खणात, शिडीशिवाय हात न पोचणाऱ्या जागी ठेवलेलं असतं.